विद्युतऋणता पाठ करू नका, मांडून बघा: अकरावीला लातूरला आलेल्या लेकरांसाठी

जुलै लागला की आमच्या गल्लीतल्या हॉस्टेलवर नवी लेकरं येतात. कोणी परतूरचं, कोणी गंगाखेडचं, कोणी मुखेडचं. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि आईने बांधून दिलेले धपाटे. दहावी गावाकडे मराठीतून झालेली असते आणि इथे लातूरच्या ट्यूशन एरियात पहिल्याच आठवड्यात फळ्यावर सगळं इंग्रजीतून सुरू होतं. मग एखादं लेकरू संध्याकाळी मेसचा डबा हातात घेऊनच माझ्या दारात उभं राहतं. "ताई, ते इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीचं काही डोक्यात शिरंना. एकशे अठरा आकडे पाठ करायचे का?"

नाही करायचे. मीही औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून अशीच आले होते आणि पाठांतराच्या जोरावर तोंडघशी पडले होते. ती हकीकत पुढे येईलच. सात आकडे, दोन दिशा आणि चार-पाच अपवाद एवढ्या भांडवलावर अकरावी-बारावीचं आणि मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचं बहुतेक काम भागतं. एक संध्याकाळ काढा. पेन घ्या आणि घरातून आणलेल्या एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू घ्या.

आधी शब्द सरळ करा

इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी म्हणजे आपली विद्युतऋणता. पिरियॉडिक टेबल म्हणजे आवर्तसारणी, तिच्यातली आडवी ओळ म्हणजे आवर्त, क्लासमध्ये तिला पिरियड म्हणतील. उभा रकाना म्हणजे गण, त्याला ग्रुप म्हणतील. व्हॅलन्स इलेक्ट्रॉन म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातले, संयुजा इलेक्ट्रॉन.

आता एक खड्डा सांगते, ज्यात दरवर्षी कोणी ना कोणी पडतंच. क्लास समजला नाही की लेकरं मोबाईलवर हिंदी व्हिडिओ लावतात. हिंदीत 'अणु' म्हणजे मॉलिक्यूल आणि 'परमाणु' म्हणजे ॲटम. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. शब्द तोच, अर्थ दुसरा. हिंदी मास्तर 'अणु' म्हणाले आणि तुम्ही मराठी अणू समजलात, तर पुढचं सगळं गणित चुकतं आणि चूक कुठे झाली तेही कळत नाही. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सामाईक विहीर

व्याख्या अशी: बंधामध्ये दोन अणूंनी सामाईक ठेवलेली इलेक्ट्रॉनची जोडी आपल्याकडे ओढण्याची अणूची क्षमता म्हणजे विद्युतऋणता. यातला 'बंधामध्ये' हा शब्द अधोरेखित करा. एकट्या, सुट्या अणूच्या बाबतीत ही गोष्ट बोलायचीच नसते.

आपल्याकडे भावकीत सामाईक विहीर असते ना, तशी ही जोडी. सातबाऱ्यावर दोघांची नावं. एका भावाने तीन एचपीची मोटार बसवली, दुसऱ्याने साडेसात एचपीची. लाईट आली की दोघेही स्टार्टर दाबतात, पण पाणी जास्त कुठे जाणार ते सांगायला नको. तरीही विहीर सामाईकच असते. हायड्रोजन आणि क्लोरीनचं असंच आहे: जोडी दोघांची, पण बहुतेक वेळ क्लोरीनच्या बाजूला झुकलेली. म्हणून क्लोरीनवर थोडा ऋण प्रभार, हायड्रोजनवर थोडा धन. हा 'थोडा' दाखवायला डेल्टा हे ग्रीक अक्षर लिहितात. याला ध्रुवीय सहसंयुज बंध म्हणतात.

दोन्ही मोटारी सारख्या असल्या, जसं क्लोरीन-क्लोरीन किंवा हायड्रोजन-हायड्रोजन, तर पाणी समान, बंध अध्रुवीय. आणि एक भाऊ फारच वरचढ निघाला तर? मग फेरफारच होतो, सातबाऱ्यावर एकाचंच नाव राहतं. सोडिअम आणि क्लोरीनमध्ये तेच घडतं. इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या नावावर, सोडिअम धनायन, क्लोरीन ऋणायन. हा आयनिक बंध.

विद्युतऋणता थेट मोजायचं यंत्र नाही, आणि तिला एककही लावायचं नसतं. शब्द जुना आहे, स्वीडनचे बर्झेलियस तो १९ व्या शतकाच्या सुरुवातीला वापरत होते. आकडे आले १९३२ मध्ये, अमेरिकेच्या लायनस पाउलिंग यांच्याकडून. त्यांची युक्ती इतकी साधी आहे की एकदा स्वतःच्या हाताने करून बघाच. हायड्रोजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोजूल लागतात. क्लोरीन-क्लोरीनला २४२. ओढाताण नसती तर हायड्रोजन-क्लोरीन बंधाला या दोन्हींची सरासरी, म्हणजे ३३९ लागायला हवेत. प्रत्यक्षात लागतात ४३१. हे वरचे ९२ आले कुठून? पाउलिंग म्हणाले, असमान ओढीमुळे. दोन टोकांवर आलेले विरुद्ध प्रभार एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून बंध जास्त घट्ट. आता ९२ ला ९६.५ ने भागा, म्हणजे किलोजूलचे इलेक्ट्रॉन व्होल्ट होतील: ०.९५. त्याचं वर्गमूळ काढा: ०.९८ च्या आसपास. आणि तक्त्यात क्लोरीन ३.१६, हायड्रोजन २.२०. फरक ०.९६. जुळलं की नाही!

या पद्धतीने नेहमी दोघांमधला फरकच मिळतो. म्हणून कोणा एकाला खुंटा मानून बाकीचे मोजावे लागतात. हायड्रोजनला २.२० वर ठोकलं की फ्लुओरीन ३.९८ वर जातो.

कोरा तक्ता आणि सात आकडे

लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आठ उभे रकाने आखा. संक्रामक मूलद्रव्यांचा (लोखंड, तांबं, जस्त वगैरेंचा) मधला दहा रकान्यांचा पट्टा आत्ता सोडून द्या. पहिल्या ओळीत डावीकडे हायड्रोजन, उजव्या टोकाला हेलिअम. दुसऱ्या ओळीत लिथिअम, बेरिलिअम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन, निऑन. तिसरीत सोडिअम ते अरगॉन. चौथ्या ओळीत डावीकडे पोटॅशिअम, कॅल्शिअम आणि उजवीकडे ब्रोमीन पुरे. पाचवीत रुबिडिअम आणि आयोडीन, सहावीत सिझिअम.

आता दुसऱ्या ओळीत डावीकडून लिहीत जा: १.०, १.५, २.०, २.५, ३.०, ३.५, ४.०. अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या. पहिलीतल्या पोरालाही जमेल. हेच ते सात आकडे. खरे आकडे ०.९८, १.५७, २.०४, २.५५, ३.०४, ३.४४ आणि ३.९८ असे आहेत, पण पेपरात तर्क करायला गोल आकडे चालतात. हायड्रोजनच्या घरात २.२ लिहा, म्हणजे बोरॉन आणि कार्बनच्या मध्ये. हायड्रोजन तक्त्यात अल्क धातूंच्या, म्हणजे लिथिअम-सोडिअमच्या रकान्याच्या, डोक्यावर बसवलेला असला तरी स्वभाव त्यांचा नाही, हे त्या एका आकड्यावरूनच दिसतं.

तिसरी ओळ: ०.९३, १.३१, १.६१, १.९०, २.१९, २.५८, ३.१६. हे तोंडपाठ नसले तरी चालतील, फक्त प्रत्येक आकडा वरच्या घरापेक्षा कमी आहे हे बघा. मग पहिला गण खाली उतरत जा: पोटॅशिअम ०.८२, रुबिडिअम ०.८२, सिझिअम ०.७९. मग फ्लुओरीनचा रकाना, सोडलेला पट्टा धरून मोजला तर सतरावा गण: ब्रोमीन २.९६, आयोडीन २.६६.

काही पुस्तकांत तुम्हाला क्लोरीन ३.०, ब्रोमीन २.८, मॅग्नेशिअम १.२ असे आकडे दिसतील. घाबरू नका, छापण्यात चूक नाही. ते पाउलिंग यांचे जुने आकडे, नंतर नव्या मोजणीने सुधारले गेले. ज्या परीक्षेला बसणार त्या परीक्षेचं पुस्तक कोणते आकडे वापरतं ते एकदा बघून तेच धरा. जुन्या आकड्यांत नायट्रोजन आणि क्लोरीन दोघेही ३.०, त्यामुळे कोण वरचढ यावर हॉस्टेलवर रात्री बारापर्यंत वाद चालतात. सुधारित आकड्यांत क्लोरीन किंचित पुढे आहे.

नेहमी भेटणाऱ्या नऊ जणांचा क्रम लागतोच. फ्लुओरीन, ऑक्सिजन, क्लोरीन, नायट्रोजन, ब्रोमीन, आयोडीन, सल्फर, कार्बन, हायड्रोजन. त्यासाठी मी माझ्या लेकरांना एक वाक्य देते: "फार ओढाळ! क्लासचा नवा ब्रह्मदेव आईला सांगतो, कळलं हं!" प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्या. वाक्य टुकार आहे, मला माहीत आहे, पण विसरता येत नाही.

आडवं जाताना, खाली उतरताना

इथे थोडं थांबायचं. 'डावीकडून उजवीकडे वाढते, वरून खाली कमी होते' एवढं सगळेच सांगतात, आणि प्रश्न जरा फिरवून आला की तेवढ्यावर निभावत नाही. कारण कळलं पाहिजे.

मोटारीने पाणी किती खेचलं हे तीन गोष्टींवर ठरतं: एचपी किती, पाइपलाइन किती लांब, आणि मध्ये कोणी टॅप मारलाय का. अणूचं तसंच. एचपी म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन. लांबी म्हणजे केंद्रकापासून बाहेरच्या कवचाचं अंतर. आणि मधला अडथळा म्हणजे आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन, जे केंद्रकाची ओढ बाहेर पोचू देत नाहीत. क्लासमध्ये याला शिल्डिंग म्हणतील, आपण आडोसा म्हणू.

लिथिअमपासून फ्लुओरीनपर्यंत आडवं चालत जा. प्रोटॉन ३ चे ९ होतात. पण नवे इलेक्ट्रॉन सगळे त्याच दुसऱ्या कवचात भरतात, आतला आडोसा दोनच इलेक्ट्रॉनांचा राहतो. एकाच कवचातले शेजारी एकमेकांना फारसा आडोसा देत नाहीत. आडोसा वजा करून बाहेर प्रत्यक्ष जाणवणारी ओढ, म्हणजे परिणामी केंद्रकीय प्रभार, स्लेटर यांच्या नियमांनी काढला तर लिथिअमला १.३ येतो आणि फ्लुओरीनला ५.२. ओढ वाढली म्हणून अणू आक्रसतो: लिथिअमची त्रिज्या १५२ पिकोमीटर, फ्लुओरीनची ६४. मोटार मोठी झाली आणि पाइपलाइनही आखूड झाली. दोन्हीकडून फायदा.

आता खाली उतरा, फ्लुओरीनवरून क्लोरीनवर. इथे हुशार पोरं अडकतात, कारण स्लेटरच्या हिशेबाने क्लोरीनचा परिणामी प्रभार ६.१ येतो, फ्लुओरीनपेक्षा जास्त! मग विद्युतऋणता कमी का? अंतरामुळे. क्लोरीनची त्रिज्या ९९ पिकोमीटर, आणि विद्युत ओढ अंतराच्या वर्गाने घटते. पिकोमीटरचे अँगस्ट्रॉम करून भागाकार करून बघा. फ्लुओरीन: ५.२ भागिले ०.६४ चा वर्ग, साधारण १२.७. क्लोरीन: ६.१ भागिले ०.९९ चा वर्ग, साधारण ६.२. ओढ निम्म्यावर आली. १९५८ मध्ये ऑलरेड आणि रोचो यांनी याच विचारावर विद्युतऋणतेची आणखी एक मोजपट्टी तयार केली.

मला विचाराल तर हा एक भागाकार पन्नास आकडे पाठ करण्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

दोन्ही दिशा एकत्र केल्या की उजव्या वरच्या कोपऱ्यात फ्लुओरीन सर्वांत ओढाळ आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात सिझिअम सर्वांत ढिला. फ्रान्सिअम त्याच्याही खाली बसतो, पण त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचंही अर्धायुष्य २२ मिनिटांचं, त्यामुळे त्याच्या आकड्याला अंदाजच समजा. आणि तिरपं, म्हणजे एक घर उजवीकडे व एक घर खाली गेलात की वाढ आणि घट एकमेकींना खातात. बेरिलिअम १.५७, त्याच्या तिरप्या शेजारचं ॲल्युमिनिअम १.६१. या दोघांच्या रसायनात साम्य दिसतं ते उगाच नाही.

जिथे नियम अडखळतो

तेराव्या गणात खाली उतरा: बोरॉन २.०४, ॲल्युमिनिअम १.६१, आणि मग गॅलिअम १.८१. वाढली! गॅलिअमच्या आधी दहा संक्रामक मूलद्रव्यं येऊन गेलेली असतात. त्या दहा पावलांत केंद्रकात दहा प्रोटॉन वाढले, पण सोबत आलेले दहा इलेक्ट्रॉन (त्यांना डी-इलेक्ट्रॉन म्हणतात) आडोसा द्यायला कच्चे. तुरीच्या काड्यांचं कुंपण समजा, वारा आरपार जातो. त्यामुळे ओढ बाहेर जास्त पोचते. चौदाव्या गणात सिलिकॉन १.९० आणि जर्मेनिअम २.०१, कारण तेच.

संक्रामक मूलद्रव्यांत आडवं जाताना वाढ अगदी मंद आणि वेडीवाकडी असते. लोखंड १.८३, तांबं १.९०, जस्त १.६५. तिथे बाण काढत बसू नका. फक्त सोनं लक्षात ठेवा: २.५४, जवळजवळ कार्बनइतकं. धातूने एवढं ओढाळ असावं हे नवल आहे. गळ्यातली पोत पिढ्यान् पिढ्या तशीच पिवळी राहते, सोनं आपला इलेक्ट्रॉन सहसा सोडत नाही, हे याच्याशी सुसंगत आहे. सिझिअमबरोबर तर सोनं उलट इलेक्ट्रॉन घेऊन बसतं आणि सिझिअम ऑराइड नावाचं संयुग बनतं, ज्यात सोनं ऋणायन असतं.

राजवायूंच्या घरात काय लिहायचं? हेलिअम, निऑन, अरगॉन कोरे सोडा. पाउलिंग यांची पद्धत बंधांच्या ऊर्जेवर उभी, आणि बंधच नाही तर आकडा कुठून येणार. झेनॉनला मात्र आकडा आहे, कारण १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग बनवून दाखवलं आणि 'निष्क्रिय' हे नाव खोटं पाडलं.

फरक काढा, पण १.७ ला देव मानू नका

दोन अणूंच्या आकड्यांची वजाबाकी करा. फरक ०.४ च्या आत असला तर बंध अध्रुवीय धरतात, ०.४ ते १.७ मध्ये ध्रुवीय, १.७ च्या वर आयनिक. सोडिअम क्लोराइड: ३.१६ वजा ०.९३, फरक २.२३. आयनिक. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. हायड्रोजन क्लोराइड: फरक ०.९६. ध्रुवीय. उणे ८५ अंशालाच उकळतो, म्हणून आपल्याला तो वायूरूपात भेटतो.

पण या सीमारेषा तलाठ्याने मोजून दिलेल्या नाहीत. हायड्रोजन फ्लुओराइडचा फरक १.७८ येतो, म्हणजे नियमाने आयनिक, पण तो तर सुट्या रेणूंचा पदार्थ. उलट सोडिअम हायड्राइडचा फरक १.२७, नियमाने सहसंयुज, पण प्रत्यक्षात आयनिक घन. म्हणून आधी धातू-अधातू बघा, मग फरक. एका टोकाला अल्क धातू असेल तर सहसा आयनिक, दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज. फरकाने फक्त किती ध्रुवीय तेवढं ठरवा.

आणखी एक चूक: बंध ध्रुवीय म्हणून रेणू ध्रुवीय, असं समजणं. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-ऑक्सिजन फरक ०.८९ आहे, बंध चांगले ध्रुवीय. पण रेणू सरळ रेषेत, दोन्ही ऑक्सिजन विरुद्ध बाजूंना सारख्याच जोराने ओढतात, गाडी जागची हलत नाही. पाण्यात मात्र रेणू १०४.५ अंशात वाकलेला, त्यामुळे दोन्ही ओढी मिळून ऑक्सिजनच्या बाजूला जातात. रेणूचा आकार काढल्याशिवाय ध्रुवीय-अध्रुवीय लिहू नका.

मीठ आणि टीसीएल

गावाकडे पावसाळा सुरू झाला की ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत आणि टाकीत पांढरी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. तिच्यातही क्लोरीन आहे, आणि घरातल्या मिठातही क्लोरीन. मीठ आपण चटणीत घालतो, टीसीएलने जंतू मरतात. क्लोरीन तोच, मग असं का?

उत्तर ऑक्सिजनच्या ३.४४ आणि क्लोरीनच्या ३.१६ मध्ये आहे. मिठात क्लोरीनच्या शेजारी सोडिअम, ०.९३ चा. क्लोरीनने त्याचा इलेक्ट्रॉन पूर्ण घेतला, त्याचं पोट भरलं, ऑक्सिडेशन नंबर (म्हणजे हिशेबात अणूवर धरलेला प्रभार) उणे १. आता तो शांत. टीसीएलमध्ये हायपोक्लोराइट असतं, ज्यात क्लोरीन ऑक्सिजनला बांधलेला. इथे क्लोरीनला आपल्यापेक्षा दांडगा भाऊबंद भेटला. ऑक्सिडेशन नंबर काढताना नियम असा की जोडी पूर्ण त्याच्या नावावर लावायची ज्याची विद्युतऋणता जास्त. ऑक्सिजन उणे २, आणि क्लोरीन अधिक १. म्हणजे भुकेला. पाण्यात गेल्यावर त्यातून हायपोक्लोरस आम्ल बनतं, आणि हा इलेक्ट्रॉन लुटला गेलेला क्लोरीन समोर येईल त्याचे इलेक्ट्रॉन ओढतो. जंतूंच्या पेशींचे घटक त्यात सापडतात.

तक्त्यातला ०.२८ चा फरक, आणि त्यावर एका अणूचं वागणं उलटं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सुट्टीत घरी जाऊन टाकीजवळ उभी राहिले होते. (जाता जाता: टीसीएल आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो.)

ऑक्सिजनचाही कोणी बाप आहेच. ऑक्सिजन डायफ्लोराइडमध्ये फ्लुओरीन दोन्ही जोड्या नेतो आणि ऑक्सिजन अधिक २ होतो. नाव लिहितानाही ज्याची विद्युतऋणता जास्त तो शेवटी, म्हणून तो 'फ्लुओराइड' झाला, 'ऑक्साइड' नाही.

माझे गेलेले पाच मार्क

टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न होता: कोणाची इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी सर्वांत जास्त ऋण? मी डोळे झाकून फ्लुओरीन केलं. सर्वांत ओढाळ तोच ना! उत्तर क्लोरीन होतं. मिळायचे ४ गेले, वर १ कापला गेला. मेसमध्ये त्या रात्री वरणसुद्धा गोड लागलं नाही.

फरक असा. विद्युतऋणता बंधातली ओढ सांगते. इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी सुट्या, वायूरूप अणूला एक इलेक्ट्रॉन दिल्यावर किती ऊर्जा सुटते ते सांगते, आणि ती प्रत्यक्ष मोजता येते. फ्लुओरीनची मोलमागे उणे ३२८ किलोजूल, क्लोरीनची उणे ३४९. फ्लुओरीन एवढासा असल्यामुळे त्याच्या कवचात आधीच दाटी. आठ बाय आठच्या खोलीत चौथा रूम पार्टनर आला की काय होतं ते हॉस्टेलवाल्यांना सांगायची गरज नाही.

दुसरा गोंधळ मला नांदेडकडच्या एका लेकराने दाखवला. किनवट भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं, दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते म्हणालं, "ताई, फ्लुओरीन सर्वांत जास्त ओढतो म्हणूनच दात खातो ना?" तर्क चांगला, पण चुकीचा. पाण्यातला फ्लोराइड हा इलेक्ट्रॉन घेऊन तृप्त झालेला आयन आहे, मिठातल्या क्लोराइडसारखा. तो ओढाताण करत नाही. त्याचा आकार हायड्रॉक्साइड आयनाच्या जवळपास, म्हणून दात आणि हाडांतल्या खनिजात हायड्रॉक्साइडच्या जागी जाऊन बसतो. थोडा असेल तर दात घट्ट करतो, जास्त झाला तर दात आणि हाडं बिघडवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. मूलद्रव्य आणि त्याचा आयन यांचे गुण वेगळे, हे इथे पक्कं करून घ्या.

आता पत्रिका उलटी ठेवा आणि सोडवा

आकडे न बघता, फक्त जागा आठवून.

घरी दुकानातून आणता ते म्युरेट ऑफ पोटॅश खत म्हणजे पोटॅशिअम क्लोराइड. बंध कोणता? पोटॅशिअम डावीकडे खाली, क्लोरीन उजवीकडे वर. आयनिक. फरक २.३४.

करडईचं तेल पाण्यात का मिसळत नाही? तेलाच्या लांब शेपट्या कार्बन-हायड्रोजनच्या, फरक ०.३५, अध्रुवीय. पाण्यात ऑक्सिजन-हायड्रोजन, फरक १.२४. पाण्याचे रेणू आपसातच घट्ट, तेलाला जागा देत नाहीत. पण तेल वर का तरंगतं असं विचारलं तर विद्युतऋणता सांगू नका, ते घनतेमुळे.

हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्यापेक्षा जड, तरी पाणी १०० अंशाला उकळतं आणि तो उणे ६० ला. का? सल्फर एक घर खाली, हायड्रोजनशी फरक फक्त ०.३८. पाण्यासारखे हायड्रोजन बंध, म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनची शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडची ओढ, तिथे जमत नाहीत.

आयोडीन आणि क्लोरीन मिळून आयोडीन मोनोक्लोराइड बनवतात. अधिक १ कोण? दोघे एकाच गणात, आयोडीन खाली. आयोडीन अधिक १.

आणि शेवटचं. सिलिकॉन, नायट्रोजन, कार्बन, फॉस्फरस चढत्या क्रमाने लावा. इथे निम्मी लेकरं फॉस्फरसला कार्बनच्या वर टाकतात, कारण तो उजवीकडे आहे. पण तो एक घर खालीही आहे. तिरप्या जोडीत घाई करायची नाही, पत्रिका सुलटी करून आकडा बघायचा: सिलिकॉन १.९०, फॉस्फरस २.१९, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४.